पुस्तक तेच, कव्हर दुसरं, ग्राहक नवा!



आज विषय आहे तुमच्या पॅकेटचा, लेबलचा, पाऊचचा. पण सुरुवात करूया जादूच्या कादंबऱ्यांपासून. दचकू नका, कारण सांगतो.

पॅकेजिंगवर बोलायचं म्हटलं की सगळे मोठ्या कंपन्यांच्या साबणांची आणि बिस्किटांची उदाहरणं देतात. त्या कंपन्यांकडे टीव्हीवर जाहिरात करायला पैसे आहेत. त्यांचं पॅकेट थोडं फसलं तरी जाहिरात सांभाळून घेते. तुमच्याकडे तसं काही नाही. तुमचा पाऊच दुकानाच्या फळीवर एकटा उभा असतो, आणि जे काही बोलायचं ते त्यालाच बोलावं लागतं.

फँटसी कादंबरीची परिस्थिती अगदी अशीच असते. लेखक नवीन, त्याने उभं केलेलं जग नवीन, नावं कधी न ऐकलेली. पाचशे पानं वाचल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही आणि पैसे मात्र आधी द्यायचे. म्हणजे तुमच्या न चाखलेल्या लोणच्यासारखंच! मग ग्राहक कशावर ठरवतो? कव्हरवर.

आता माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. कव्हरचं काम आत काय आहे ते सगळं सांगणं, हे नाही. ते सुंदर दिसणं, हेही नाही. योग्य माणसाला लांबूनच "अरे, हे माझ्यासाठी आहे" असं वाटायला लावणं, एवढं एकच काम कव्हरचं आहे. आपले नवउद्योजक बरोबर इथेच चुकतात. पाच हजार पाऊच छापून होतात, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता सुरू होतो आणि मग कळतं की पाऊच सगळ्यांना आवडतोय, पण घेत कोणीच नाही.

प्लॅटफॉर्म नंबर पावणेदहा

साल १९९७. लंडनच्या ब्लूम्सबरी या प्रकाशनाकडे एका नवख्या लेखिकेचं पुस्तक होतं. इतर अनेक प्रकाशकांनी नाकारलेलं. हॅरी पॉटरचा पहिला भाग. त्याची पहिली हार्डकव्हर आवृत्ती किती प्रतींची होती माहीत आहे? फक्त ५००. म्हणजे हाही एक छोटा धंदाच होता बघा.

कव्हरचं काम मिळालं थॉमस टेलर या तरुण चित्रकाराला. वय २३, नुकतंच शिक्षण संपलेलं, केंब्रिजमध्ये मुलांच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी, आणि चित्रकार म्हणून हे पहिलंच व्यावसायिक काम. त्याने जलरंगात एक चित्र काढलं. गोल चष्म्याचा, कपाळावर विजेच्या आकाराची खूण असलेला एक मुलगा लाल आगगाडीजवळ उभा आहे. प्लॅटफॉर्मचा नंबर आहे नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश. आपल्या भाषेत पावणेदहा!

आता या कव्हरवर काय नाही ते पाहा. पुस्तकाच्या नावात एक जादूचा दगड आहे, पण कव्हरवर दगड नाही. खलनायक नाही. राक्षस नाही. जादूचा किल्लासुद्धा नाही. गोष्टीतलं जे सगळ्यात भारी, ते सगळं बाजूला ठेवलंय.

मग दहा वर्षांच्या मुलाला यात काय दिसतं? त्याच्याच वयाचा, जरा गोंधळलेला, शाळेला निघालेला एक मुलगा. शाळेत जाणं त्याला माहीत आहे. रेल्वे स्टेशन माहीत आहे. फक्त प्लॅटफॉर्मचा नंबर विचित्र आहे. सगळं ओळखीचं आणि त्यात एकच गोष्ट खटकणारी. ती खटकणारी गोष्ट पोराला पहिल्या पानाकडे ओढून नेते.

हे सूत्र वहीत लिहून ठेवा. जास्त ओळखीचं, थोडं अनोळखी. सगळंच ओळखीचं असेल तर ग्राहक म्हणतो, "असं तर घरी आहेच." सगळंच अनोळखी असेल तर तो घाबरतो. जवसाची चटणी विकताय? चटणी ओळखीची आहे, वाटी ओळखीची आहे, भाकरी ओळखीची आहे. त्यात तुमचं वेगळेपण एकच दाखवा. समजा तुम्ही ती लाकडी उखळात कुटता, तर उखळ दाखवा. उखळ, शेत, बैलजोडी, आजीचा चेहरा, तिरंगा आणि सेंद्रिय असल्याचं हिरवं पान, हे सगळं एकाच पाऊचवर कोंबू नका.

कव्हरवरची आणखी एक गोष्ट. लेखिकेचं नाव जोआन रोलिंग. पण कव्हरवर छापलं जे. के. रोलिंग. बाईने लिहिलेलं पुस्तक मुलगे हातात घेतील का, अशी शंका प्रकाशकाला होती, म्हणून आद्याक्षरं वापरायचं ठरलं. लेखिकेला मधलं नावच नव्हतं, तर आजीच्या कॅथलीन या नावावरून 'के' घेतला. हा निर्णय मला स्वतःला पटत नाही. मुलांच्या मनातला पूर्वग्रह तसाच ठेवून त्याच्याभोवती रस्ता काढला गेला. पण धंद्याचे विद्यार्थी म्हणून त्यातून एक गोष्ट नक्की शिका: कव्हरवरचा प्रत्येक शब्द, अगदी मालकाचं नावसुद्धा, ग्राहक वाचतो आणि त्याचा काहीतरी अर्थ लावतो.

अर्थ लावतो म्हणजे किती? थॉमस टेलरला मागच्या कव्हरसाठीही एक जादूगार काढायला सांगितलं होतं. त्याने मनानेच एक काढला, पाईप ओढणारा. गोष्टीत असं कोणीच नव्हतं. पुढे पुस्तक प्रचंड गाजलं आणि वाचक विचारायला लागले की हा माणूस कोण? शेवटी त्या जागी गोष्टीतल्या मुख्याध्यापक डंबलडोरचं चित्र टाकावं लागलं. आपण जे 'सजावट' म्हणून टाकतो, ते ग्राहक 'वचन' म्हणून वाचतो. पाऊचवर काजूचं चित्र आहे आणि आत काजू नाही, तर "सर, ते फक्त दिसायला टाकलंय" हे उत्तर चालत नाही.

तेच पुस्तक, पण ऑफिसला जाणाऱ्यांसाठी

आता येतो खरा धडा. पुस्तक मुलांमध्ये पसरलं आणि मग मोठी माणसंही ते वाचायला लागली. पण एक अडचण होती. लोकलमध्ये किंवा मेट्रोमध्ये बसून, सूट घातलेल्या माणसाने लहान मुलांचं रंगीत पुस्तक उघडायचं कसं? शेजारचा बघतोय ना!

ब्लूम्सबरीने काय केलं? १९९८ मध्ये त्याच पुस्तकाची मोठ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली. आतला मजकूर तोच. गोष्ट बदलली नाही, भाषा अवघड केली नाही. कव्हर तेवढं बदललं. रंगीत चित्राच्या जागी वाफेच्या इंजिनाच्या गाडीचा कृष्णधवल फोटो. लांबून पाहिलं तर एखादी गंभीर कादंबरी वाटावी असं.

विचार करा मित्रांनो. त्या माणसाला गोष्ट आधीपासूनच आवडत होती. किंमत अडत नव्हती. अडत होती ती लाज. कव्हरने त्याची लाज सांभाळली आणि विक्रीचा रस्ता मोकळा झाला.

आपण ग्राहकाचं वय काढतो, उत्पन्न काढतो, गाव काढतो. पण एक प्रश्न कधीच विचारत नाही: ही वस्तू वापरताना त्याला कोण बघतं?

नाचणी सत्त्वाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे बहुतेक पॅकेटांवर गुटगुटीत बाळाचा फोटो असतो. बाळाच्या आईसाठी ते बरोबरच आहे. पण आज नाचणी कोणाला हवी आहे? सकाळी घाईत काहीतरी पौष्टिक खाऊन ऑफिस गाठणाऱ्या मुलीला हवी आहे. जिमला जाणाऱ्या मुलाला हवी आहे. निवृत्त झालेल्या काकांना हवी आहे. हे सगळे दुकानात येतात, बाळाचा फोटो बघतात आणि पुढे जातात. ऑफिसच्या टेबलावर बाळाचं पॅकेट कोण ठेवेल? पीठ तेच ठेवा, पण दुसरा पाऊच काढा. साधा, एका रंगाचा, त्यावर नाचणीचं कणीस आणि 'सकाळचा नाश्ता' हे दोन शब्द. नवी मशीन नको, नवी रेसिपी नको, आणि ग्राहक मात्र नवा.

इथे एक सावधगिरी बाळगा. दोन पाऊच काढायचे म्हणजे दोघांना वेगवेगळं खोटं सांगायचं, असं नव्हे. ब्लूम्सबरीने मोठ्यांच्या आवृत्तीवर 'ही मोठ्यांची गोष्ट आहे' असं खोटं सांगितलं नाही. आगगाडी पहिल्या कव्हरवरही होती आणि दुसऱ्यावरही. फक्त ती दाखवण्याची पद्धत बदलली.

समुद्र ओलांडला की नावही बदलतं

हेच पुस्तक १९९८ मध्ये अमेरिकेत स्कॉलॅस्टिक या प्रकाशनाने काढलं. मूळ इंग्रजी नावात 'तत्त्वज्ञाचा दगड' अशा अर्थाचे शब्द आहेत. अमेरिकन पोरांना 'तत्त्वज्ञ' शब्द जड वाटेल, जादूचा वास येणार नाही, म्हणून तिथे 'तत्त्वज्ञ' काढून 'जादूगार' केला. चित्रही नवं. मेरी ग्रँडप्रे या चित्रकर्तीने हॅरीला झाडूवर बसवून उडवला, समोर सोनेरी पंखांचा चेंडू, आणि नावाच्या अक्षरांत 'पी' चा पाय विजेसारखा वाकडा केला. ती अक्षरं पुढे इतकी ओळखीची झाली की नुसती अक्षरं बघून पोरं ओळखायची.

नाव बदलायला होकार दिल्याचं पुढे रोलिंगना स्वतःलाच रुचलं नाही, असं त्यांनी बोलून दाखवलं आहे. आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण मूळ शब्दाला युरोपात किमयेची जुनी परंपरा आहे. आता गंमत बघा. मराठी अनुवादाला हा प्रश्नच पडला नाही. 'हॅरी पॉटर आणि परीस'! लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्या आजीलाही माहीत आहे. एका शब्दात काम झालं, अर्थही गेला नाही आणि जादूही गेली नाही.

तुमच्या उत्पादनाचं नाव ठेवताना असा 'परीस' शोधा. म्हणजे असा शब्द, जो तुमच्या ग्राहकाच्या घरात रोज बोलला जातो. पुण्यातली गृहिणी दुकानात जाऊन 'गोडा मसाला' मागते. कोल्हापूरकडचा माणूस 'कांदा-लसूण मसाला' शोधतो. मराठवाड्यातल्या घरात 'येसर' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. आणि आपण पाऊचवर मोठ्या अक्षरांत काय छापतो? 'प्रीमियम स्पाईस ब्लेंड'. कोणी कधी वाण्याकडे जाऊन "अहो, अर्धा किलो प्रीमियम स्पाईस ब्लेंड द्या" असं म्हटलंय का?

फळीवरचा गणवेश

प्रत्येक प्रकारच्या मालाचा फळीवर एक गणवेश असतो. २००५ मध्ये 'ट्वायलाइट' ही तरुण मुलगी आणि रक्तपिपासू प्रियकराची कादंबरी आली. कव्हर पूर्ण काळं, त्यात दोन गोरे हात आणि हातांत लालभडक सफरचंद. रक्त नाही, सुळे नाहीत, प्रियकर नाही. पण मोह आहे आणि धोका आहे, हे एका फळात कळतं. पुस्तक तुफान चाललं आणि 'काळी पार्श्वभूमी, मधोमध एकच लाल-पांढरी वस्तू' हा त्या प्रकारच्या पुस्तकांचा गणवेशच झाला.

तो किती पक्का झाला? 'वुदरिंग हाइट्स' ही एमिली ब्राँटेची १८४७ सालची कादंबरी. ट्वायलाइटच्या नायिकेची ती आवडती. २००९ मध्ये एका प्रकाशनाने ही जुनी कादंबरी त्याच काळ्या गणवेशात, फुलाचं चित्र टाकून, नव्याने बाजारात आणली. अभ्यासाचं पुस्तक म्हणून जिला मुली टाळत होत्या, ती आता त्यांच्या ओळखीच्या कपड्यांत समोर आली.

आता तुम्ही म्हणाल, "सर, म्हणजे चालणाऱ्या ब्रँडसारखंच पॅकेट करायचं ना?" थांबा. इथे मोठा फरक आहे आणि तो कळला नाही तर कोर्टाची पायरी चढावी लागेल. गणवेश असतो प्रकाराचा. सही असते एका कंपनीची. हळदीचं पॅकेट पिवळं असणं, तुपाची बरणी आतलं दिसेल अशी पारदर्शक असणं, हा गणवेश. तो कोणीही घालू शकतो. पण एखाद्या कंपनीचा विशिष्ट लोगो, अक्षरांची ठेवण, नावातलं एकच अक्षर बदललेलं नाव, ही त्यांची सही. ती उचललीत तर ट्रेडमार्क कायदा, १९९९ आहेच, आणि नाव नोंदवलेलं नसलं तरी 'आमचा माल म्हणून स्वतःचा माल खपवतोय' असा दावा होऊ शकतो. गणवेश घाला, दुसऱ्याच्या खिशावरची नावाची पट्टी लावू नका.

पाठमोरा शिव

आता आपल्या देशातलं उदाहरण. अमीश त्रिपाठी, बँकिंग आणि विमा क्षेत्रात नोकरी करणारा माणूस. त्यांनी शिवावर इंग्रजीत कादंबरी लिहिली, 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'. अनेक प्रकाशकांनी नाकारली. शेवटी २०१० मध्ये ती आली.

अडचण काय होती बघा. शिव आपल्याकडे घराघरात आहे. कॅलेंडरवर आहे, ट्रकच्या मागे आहे, देव्हाऱ्यात आहे. कव्हरवर नेहमीचा शिव टाकला असता, तर पुस्तक पोथ्यांच्या गठ्ठ्यात गेलं असतं. जीन्स घालून मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात फिरणारा तरुण त्याला हात लावणार नाही. आणि भलताच शिव काढला असता, तर लोक दुखावले असते.

डिझायनर रश्मी पुसाळकर यांनी शिवाला पाठमोरा केला. देवाला आपण नेहमी समोरून बघतो, पाठीमागून कधी पाहिलेलं नाही. त्या उघड्या पाठीवर लढायांचे व्रण आहेत. देवाच्या अंगावर दागिने असतात, इथे जखमा आहेत. एका चित्रात सांगून टाकलं की हा देव होण्याआधीचा माणूस आहे. पुन्हा तेच सूत्र: जास्त ओळखीचं, थोडं अनोळखी. आणि हे कळायला एक ओळही वाचावी लागत नाही.

त्यांनी दुसरी गोष्ट केली ती तर प्रत्येक घरगुती उद्योजकाने भिंतीवर लिहावी अशी आहे. पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांतून फुकट वाटलं. कव्हरने ग्राहकाला थांबवलं आणि फुकटच्या प्रकरणाने चव दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रदर्शनात स्टॉलवर ठेवलेली चकलीच्या तुकड्यांची ताटली! फक्त पाऊच देखणा करून थांबू नका, ताटलीही ठेवा. आणि ताटलीत तोच माल ठेवा, जो पाऊचमध्ये आहे.

मागची बाजू कोण वाचतं?

१९६५ मध्ये अमेरिकेत एक लढाई झाली, ती जरा नीट ऐका. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या महाकादंबरीची स्वस्त पेपरबॅक आवृत्ती एस बुक्स या कंपनीने लेखकाला न विचारताच बाजारात आणली. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातल्या एका फटीचा फायदा त्यांनी घेतला. किंमत ७५ सेंट. मग लेखकाच्या संमतीची आवृत्ती बॅलंटाइन बुक्सने काढली. किंमत ९५ सेंट. माल तोच, समोरचा वीस सेंटने स्वस्त. आपल्याकडे रोज होतं ना हे?

बॅलंटाइनची कव्हरं घाईघाईत झाली. चित्रकर्ती बार्बरा रेमिंग्टन यांना पुस्तक आधी वाचायलाच मिळालं नव्हतं. त्याच प्रकाशनाच्या 'हॉबिट' च्या कव्हरवर तर सिंह आला, एमू पक्षी आले, गुलाबी फळांचं विचित्र झाड आलं. गोष्टीत यातलं काहीच नाही! टॉल्किन वैतागले. पुढे सिंह काढावा लागला.

पण मागच्या कव्हरवर त्यांनी एक जबरदस्त काम केलं. लेखकाच्या स्वतःच्या शब्दांत निवेदन छापलं: माझ्या संमतीने निघालेली पेपरबॅक आवृत्ती हीच, आणि हयात लेखकाचा मान राखायचा असेल तर हीच घ्या, अशा आशयाचं. वाचकांनी ते मनावर घेतलं. महाग प्रत विकली गेली. वाद इतका गाजला की शेवटी एस बुक्सने लेखकाला मानधन देऊन ती आवृत्ती पुन्हा न छापण्याचं मान्य केलं.

"सर, मग चुकीचं चित्रही चालतं की!" असं म्हणणारे असतीलच. माझं उत्तर असं. त्या कव्हरचा तपशील चुकला, पण भाव बरोबर होता. 'हे वेगळंच, अद्भुत जग आहे' हे त्या काळच्या कॉलेजच्या पोरांना दिसलं आणि आत खरोखरच तसं जग होतं. पुस्तक आतून पोकळ असतं, तर त्या कव्हरने आणि त्या निवेदनाने ते वाचवलं नसतं.

तुमच्यासाठी धडा हा: पुढची बाजू थांबवते, मागची बाजू विश्वास देते. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा नंबर, घटक, वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापरायची तारीख हे कायद्याने लागणारं सगळं नियमाप्रमाणे, वाचता येईल अशा अक्षरांत छापाच. पण तिथेच उरलेल्या जागेत दोन ओळी स्वतःच्याही लिहा. कोणी बनवलं, कुठे बनवलं, तुमचा माल दहा रुपयांनी महाग का. "आम्ही यात पाम तेल वापरत नाही" हे एक वाक्य, खरं असेल तर, स्वस्तातल्या नक्कलेला उत्तर देतं. खरं नसेल तर लिहू नका.

चित्र स्वस्त झालं, निर्णय नाही

आज मोबाईलवर एआयला सांगितलं की पाच मिनिटांत ड्रॅगन मिळतो, किल्ला मिळतो, चुलीवर स्वयंपाक करणारी आजीही मिळते. त्यामुळे सगळ्यांच्या पाऊचवर तीच गुळगुळीत आजी दिसायला लागली आहे! एआय वापरा, माझी हरकत नाही. पण पावणेदहाचा प्लॅटफॉर्म दाखवायचा की दगड, पाठ दाखवायची की चेहरा, हे कोणाला विकायचं आहे ते पक्कं ठरल्याशिवाय सुचत नाही. डिझायनरकडे जाताना "काहीतरी भारी करा" म्हणून जाऊ नका. एका कागदावर एक वाक्य लिहून न्या: हे कोण घेणार, कुठे उभं राहून घेणार आणि वापरताना त्याला कोण बघणार.

छापण्याआधी ही तीन कामं करा.

पहिलं, डिझाईन मोबाईलवर घ्या आणि टपाल तिकिटाएवढं लहान करून बघा. व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये ते साधारण तेवढंच दिसणार आहे. नाव वाचता येतंय का? चित्र कशाचं आहे ते कळतंय का?

दुसरं, साध्या कागदावर रंगीत प्रिंट काढा, पाऊचला चिकटवा आणि ओळखीच्या दुकानदाराला विनंती करून बाकीच्या मालाच्या रांगेत ठेवा. सहा पावलं मागे या. स्क्रीनवर सुंदर दिसणारी अनेक डिझाईन्स इथेच हरवतात.

तिसरं, तुम्हाला न ओळखणाऱ्या तीन जणांना तो पाऊच दाखवा. घरच्यांना नको, ते छानच म्हणणार. आणि आवडला का, असं विचारूच नका. विचारा: "यात काय असेल? हे कोणासाठी असेल? किती रुपयांना असेल?" तिघांची उत्तरं तुमच्या कागदावरच्या वाक्याशी जुळली तर छापायला द्या. नाही जुळली तर या प्रयोगाला खर्च किती आला? तीन प्रिंट आणि एक दुपार. पाच हजार पाऊच वाचले.

शेवटी एक गोष्ट, म्हणजे कोणी गैरसमज करून घेऊ नये. थॉमस टेलरचं ते मूळ चित्र २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९ लाख डॉलरच्या वर गेलं. पण ते आधी महाग होतं म्हणून पुस्तक चाललं का? उलट झालं. एका पोराने वाचलं, दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. गोष्टीने चित्राला मोठं केलं. कव्हर पहिलं पॅकेट विकतं. दुसरं पॅकेट आतला मालच विकतो. तेव्हा डिझायनरला पैसे देण्याआधी मिठाचं प्रमाण एकदा नीट तपासा, आणि मग कामाला लागा.